बेलोसे चाळीला अमान्य असलेला तह

लढाई सुरू करायला दोन देश लागतात आणि ती थांबवायलाही तेवढेच पुरतात, असा एक गैरसमज जगभर पसरलेला आहे. शेजारच्या देशाशी सरहद्दीवर त्रेचाळीस दिवस चाललेली तणातणी एका मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी संपवण्यात आली, ती याच गैरसमजातून. परळच्या बेलोसे चाळीला कोणी विचारलंसुद्धा नाही.

चाळीचे सेक्रेटरी जयवंत तावडे (गोदीतले निवृत्त हेडक्लार्क, वय सदुसष्ट) त्या वेळी गॅलरीतल्या खुर्चीत बसून आघाडी सांभाळत होते. 'आता माघार नाही!' हा संदेश त्यांनी नुकताच पाठवला होता. (या खुर्चीतून उठायला त्यांना बायकोचा, म्हणजे शांताकाकूंचा, हात लागतो. त्यामुळे माघार तशीही शक्य नव्हती.) सतत लिहून लिहून त्यांचा उजवा अंगठा सुजला होता आणि काकू त्याला दोन वेळा बाम चोळत होत्या. या संघर्षात चाळीचा जखमी झालेला हा एकमेव अवयव.

'बेलोसे चाळ – पाणी' हा व्हॉट्सॲप ग्रुप पाणी कधी येणार हे कळवण्यासाठी काढला होता. त्रेचाळीस दिवसांत त्यावर पाण्याविषयी तीन संदेश आले. तिघांनाही 'देशापेक्षा तुमची बादली मोठी का?' असं विचारण्यात आलं आणि तिघांनी माफी मागितली. बाकी सगळी जागा लष्करी डावपेचांना दिली होती. त्यांची सूत्रं तळमजल्यावर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या धनेशकडे होती, कारण त्याच्या दुकानात नकाशा होता. (नकाशा मोबाइल टॉवरच्या रेंजचा होता. पण डोंगर त्यातही होते.)

पुढचं समजण्यासाठी चाळीच्या घटनेतलं कलम चार माहीत असणं गरजेचं आहे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी चाळीच्या सभेत मागचं गटार साफ करण्याचा ठराव दरमहा एकमताने मंजूर होई, आणि गटार होतं तसं राही. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बुधाजी गमरे यांनी एक कलम घालून घेतलं: 'ठराव जो मांडेल त्यानेच तो पार पाडावा, अनुमोदकाने सोबत जावे.' कलम कमालीचं यशस्वी ठरलं. तेव्हापासून आजतागायत गटाराचा ठराव एकदाही आलेला नाही.

अशा चाळीत तणातणीच्या बाराव्या दिवशी ठराव क्रमांक सात टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर व्हावा, हा देशप्रेमाचा केवढा पुरावा! 'शत्रूला निर्णायक धडा शिकवला जाईपर्यंत चाळीच्या पटांगणात कोणताही मंगल अथवा करमणुकीचा कार्यक्रम होणार नाही.' सूचक जयवंत, अनुमोदक धनेश. यात काही न करण्याची जी जबाबदारी होती, ती दोघांनी तेव्हापासून चोख पार पाडली. (भजन हे मंगल की करमणूक, यासाठी उपसमिती नेमली. ती अजून बसायची आहे.)

तर मंगळवारी बातमी आली. दोन्ही सैन्यं आपापल्या जागी परतणार. पहिल्या तासात ग्रुपवर एकशे शहाऐंशी संदेश पडले. जयवंतांनी जुन्या सवयीने वर्गवारी केली ती अशी: 'धोका झाला' एक्क्याण्णव, 'विकले गेलो' चव्वेचाळीस, 'अजून दोन दिवस दिले असते तर' बावीस, नुसते लालभडक चेहरे सतरा, आणि ज्यांना बातमी कळलीच नव्हती त्यांची 'शुभ दुपार' अकरा. उरला एक. तो सुंदराबाई गमरेंचा होता. 'राजरत्नचा फोन आला. बरा आहे. सुट्टी मिळाली.'

राजरत्न हा बुधाजींचा धाकटा मुलगा, फौजेत. ज्या डोंगरावरून चाळ त्रेचाळीस दिवस लढत होती, त्याच डोंगरावर तोही होता. त्याच्या आईच्या संदेशाला शांताकाकूंनी एक बदाम पाठवला. बाकी कोणाला सवड नव्हती.

धनेशने कर्तव्य म्हणून पलीकडच्या देशातल्या लोकांचे संदेशही वाचून काढले. तिकडेही 'धोका झाला', 'विकले गेलो' आणि 'अजून दोन दिवस दिले असते तर' हेच चाललं होतं, फक्त झेंडा वेगळा. शत्रू आपले संदेश चोरतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई जयवंतांच्या दारात उभ्या राहिल्या. महापालिकेच्या इस्पितळात तीस वर्षं आया म्हणून काढलेली बाई. दारात उभी राहिली की आतला माणूस आपसूक सरळ बसतो.

"जयवंतभाऊ, पोराचं लग्न दोनदा पुढे ढकललं. वरळीच्या बीडीडी चाळीतली प्रिती, तुम्हाला ठाऊक आहे. आता बावीस तारीख धरलीय. पटांगण द्या."

"माझी कुठे ना आहे, सुंदराबाई? पण ठराव आहे ना. निर्णायक धडा..."

"तो शिकवला का नाही, कोण सांगणार?"

"सभा."

"सभा वर गेली होती?"

जयवंतांनी चष्मा पुसला. राजरत्नच्या भरतीच्या वेळी चारित्र्याचा दाखला त्यांनीच लिहून दिला होता: 'देशासाठी वाटेल ते करण्याची तयारी असलेला मुलगा.' तो दाखला लिहिताना त्यांना खरोखर अभिमान वाटला होता. मुलगा दुसऱ्याचा असल्यामुळे त्यात कसलीही चिंता मिसळलेली नव्हती.

"वीस दिवसांची सुट्टी, सहा दिवस प्रवासात," सुंदराबाई म्हणाल्या. "हॉल आता कुठला मिळतोय? ही सुट्टी गेली की पुढची कधी, ते तुमच्या त्या धनेशच्या नकाशात बघून सांगा."

त्या गेल्यावर जयवंतांनी धीर केला आणि ग्रुपवर लिहिलं, 'तणातणी संपली असल्याने ठराव सात आपोआप रद्द समजावा काय?' प्रश्नचिन्ह दोनदा तपासून मग पाठवलं. सव्वा मिनिटात धनेशचं उत्तर आलं. 'काका, तुम्हीपण?'

बस, एवढंच. गोदीत साहेबांची बोलणी खाल्ली, संपात लाठी खाल्ली, पण असा घाव जयवंतांना कधी बसला नव्हता. चार मिनिटांत त्यांनी खुलासा केला, 'क्षमस्व. फोन मिसेसच्या हातात होता.' शांताकाकूंनी तो वाचला. (त्याही ग्रुपवर आहेत. हे जयवंतांच्या ध्यानातून गेलं होतं.) त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

"युद्ध काय निवाचा नाय," काकू आतून म्हणाल्या. "भात निवता. येतास मा जेवक?"

अखेर नियमाप्रमाणे सात दिवसांची नोटीस देऊन रविवारी सकाळी सभा बोलावली. राजरत्न शुक्रवारीच आला होता आणि एकोणीस तास झोपला होता. सभेत तो मागच्या बाकावर बसला. ओठ फुटलेले, नाकाची साल गेलेली. घरात बसून लढलेल्या मंडळींच्या मानाने तो बराच उतरलेला वाटला.

"काय रे राजरत्न," धनेशने सभेतर्फे विचारलं, "सोडून कशाला आलात? दोन दिवसांचं तर काम होतं!"

"दादा, वर श्वास पुरत नाही," राजरत्न म्हणाला. "त्यांना पण पुरत नव्हता. खोकायचे ना, ते ऐकू यायचं आम्हाला."

"मग?"

"मग काय! एकदा त्यांच्यातल्या एकाची टोपी वाऱ्याने उडून आमच्याकडे आली. परत फेकली."

"फेकून मारलीस!"

"नाही. नुसती फेकली. थंडी होती ना."

सभेत निराशा पसरली. या मुलाच्या मनोधैर्याचं काही खरं नाही, असं तिसऱ्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं. संधी साधून धनेशने खिशातून कागद काढला आणि ठराव क्रमांक आठ वाचला. 'ही चाळ सदर तह अमान्य करीत असून, निर्णायक विजय मिळेपर्यंत संघर्ष चालू ठेवण्यात यावा.' टाळ्या झाल्या. धनेशने कागद जयवंतांकडे दिला. नोंदवही उघडली गेली.

"जयवंतभाऊ," सुंदराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आधी कलम चार वाचा."

जयवंतांनी वहीचं पहिलं पान काढलं. बुधाजींचं अक्षर ठसठशीत होतं. समोर चाळीस चेहरे, त्यात धनेशचा, त्यावर तेच दोन शब्द पुन्हा यायच्या बेतात. चष्मा विसरलो म्हटलं असतं तर निभावलं असतं. तशी जुळवाजुळव त्यांनी मनात केलीही. पण चष्मा नाकावर होता, आणि बायकांच्या रांगेतून शांताकाकू त्यांच्याकडे बघत होत्या. जयवंतांनी मोठ्याने वाचलं, "ठराव जो मांडेल त्यानेच तो पार पाडावा, अनुमोदकाने सोबत जावे."

"मावशी, ते गटारासाठी आहे!" धनेश म्हणाला.

"गटार लिहिलंय का त्यात?"

जयवंतांनी पुन्हा पाहिलं. "गटाराचा उल्लेख नाही."

इथे राजरत्न उभा राहिला. पोरगा सरळ मनाचा. टोमणा मारणं त्याला फौजेनेही शिकवलेलं नव्हतं. "धनेशदादा, खरंच जाणार? माझा बिछाना रिकामाच आहे वर. थर्मल माझे घेऊन जा. आईने कालच धुतलेत."

धनेशला त्याच क्षणी आपल्या मणक्यातली गादी सरकल्याचं आठवलं. ती गेल्या पावसाळ्यात सरकली होती, पण त्याने कोणाला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. ठरावाला दुसरा सूचक हवा, असं जयवंतांनी तीनदा पुकारलं. त्यानंतर पटांगणात इतकी शांतता पसरली, की मागच्या गटाराचा आवाज कित्येक वर्षांत प्रथमच स्पष्ट ऐकू आला.

मग फोन थरथरू लागले. 'हा संदेश हटवला आहे.' 'हा संदेश हटवला आहे.' सभा चालू असतानाच गेल्या दोन दिवसांतले एकूण एकसष्ट संदेश मागे घेण्यात आले. एवढी शिस्तबद्ध माघार त्या डोंगरावरूनही झाली नसेल.

जयवंत खुर्चीचे हात धरून उभे राहिले. कोणाचा हात न घेता. "ठराव सात रद्द करावा, असा ठराव मी मांडतो," ते म्हणाले. मांडव म्हणजे आता आपल्यालाच घालावा लागणार, हे त्यांना माहीत होतं. अनुमोदनाला धनेश आला. (वेळूचं ओझं मणक्याला चांगलं, असं सुंदराबाईंनी त्याला वैद्यकीय अनुभवावरून सांगितलं होतं.) इतिवृत्तात नोंद झाली: 'निर्णायक धडा शिकवण्यात आला आहे. कोणी कोणाला, हा तपशील जागेअभावी दिलेला नाही.'

बावीस तारखेला लग्न झालं. मांडव एका बाजूला थोडा कलला होता, पण पांढऱ्या साडीतली प्रिती आणि फुटक्या ओठांनी हसणारा राजरत्न त्याखाली झकास दिसत होते. जयवंतांच्या डाव्या अंगठ्याला सुंभाने चिरलं. तो बघून काकूंनी बामाची बाटली न मागता आणली.

एक बारीकशी अडचण तेवढी राहिली आहे. दोनतीन दिवसांपेक्षा जुना संदेश आपल्या फोनमधून पुसता येतो, इतरांच्या फोनमध्ये तो तसाच राहतो. त्यामुळे त्या मंगळवारच्या दुपारचे संदेश चाळीत अजून जागच्या जागी आहेत. बेलोसे चाळीला हसून झालं असेल, तर वाचकांनी आपापले ग्रुप वर सरकवत त्या दुपारपर्यंत जायला हरकत नाही. तिथे तुमचंही काही सापडेल.

नोंदवहीत ठराव आठ रीतसर पडून आहे, सूचक आणि अनुमोदक दोन्ही रकाने कोरे. राजरत्न एक तारखेला परत निघतोय. दोघांना सोबत न्यायची त्याची तयारी आहे. थर्मल लहान, मध्यम, मोठे सगळे मिळतात. कृपया आपलं माप कळवावं.