पहिला अंक गैरहजर

आमच्या दैनिकाच्या कचेरीत डबा उघडायचा तो किसनरावांची नजर चुकवून. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दिसली, की हा गृहस्थ हातातलं काम टाकून येणार, "तारीख बघा आधी!" म्हणत कागद सोडवणार आणि उजेडात धरून वाचत बसणार. तो आमच्या फाईलमधून फाडलेला अंक नाही अशी खात्री होईतो माझी भाकरी त्यांच्या डाव्या तळहातावर ताटकळत असे. कन्नडहून उपसंपादक म्हणून औरंगाबादला आलो त्या पहिल्याच दिवशी मी गार भाकरी खाल्ली.

किसनराव जुन्या अंकांच्या फायली सांभाळत. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर आमचं दैनिक निघालं तेव्हा ते छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायला लागले होते. पुढं डोळे अधू झाले म्हणून फायलींवर आले. घराणं फर्दापूरकडच्या मेंढपाळांचं. रोज सकाळी ते फायलींची हजेरी घेत. एकेकीच्या पाठीवर थाप मारायची आणि "हजर" म्हणत पुढं सरकायचं.

"एकदा मोजून आकडा लिहून ठेवा की," मी म्हणालो.

"मेंढरं मोजायची नसत्यात पाटील, वळखायची असत्यात. आपलं एक गेलं अन् दुसऱ्याचं एक आत आलं तरी आकडा बरोबरच येतो!"

आणि पुढच्या फाईलीवर थाप पडली.

दैनिकाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली तेव्हा संपादकांनी त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. समारंभात पहिला अंक काचेच्या चौकटीत मांडायचा, असंही फर्मान निघालं. मी पहिली फाईल मागितली. किसनराव म्हणाले, वाळवीचं औषध लावलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अजून वाळली नाय. तिसऱ्या दिवशी मी सरळ स्टुलावर चढलो आणि फाईल खाली काढली. ती दुसऱ्या अंकापासून सुरू होत होती. इतकी वर्षं तिच्या पाठीवरही रोज थाप पडत होती, "हजर" म्हणून!

"पहिला हजर नाय," किसनराव खाली बसत म्हणाले. "बाला दिला."

कळप सोडून छापखान्यात आल्यामुळं बापानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पहिला अंक निघाला त्या दिवशी मात्र म्हातारा घोंगडी खांद्यावर टाकून पत्ता विचारत कचेरीत हजर. "काय करतूस ते दाव," म्हणाला. सगळे अंक विकले गेले होते, फाईलची एकच प्रत उरली होती. किसनरावांनी तीच त्याच्या हातात ठेवली. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण कोपऱ्यातलं शिशाचं फूल उलटं बसलंय हे त्यानं लगेच हेरलं. मेंढराच्या कानाला खूण करतात, तसं त्याला वाटलं.

"म्हणला, ही तुझी खूण व्हय? चूक झाली म्हणायची लाज वाटली, मी व्हय म्हणलो. बानं पेपर भाकरीच्या फडक्यात खोचला अन् गेला."

"मग आता मागून आणा. आहेत ना ते?"

"हायेत की. दर दिवाळीला जातो. पण इचारलं नाय. त्यात भाकरी बांधून टाकली असली तर? नोकरी गेली तर जाऊ द्या, पाटील. ते ऐकायला नको."

मला माझ्या सगळ्या गार भाकऱ्या आठवल्या.

दुसऱ्या सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं. सिल्लोड गेलं तरी ते खिडकीतून बाहेरच बघत होते. फर्दापूरला म्हातारा अंगणात लोकर कातत बसला होता. किसनराव पाऊसपाणी बोलले, लोकरीचा भाव बोलले, पुतण्याचं लग्नही विचारून झालं. शेवटी मीच तोंड उघडलं.

"किसन्याचा पेपर व्हय?" म्हणत म्हातारा आत गेला आणि बांबूचं एक नळकांडं घेऊन आला. दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे. आतून अंक निघाला, पिवळा पडलेला, पण धड. तेलाचा एक ठिपकासुद्धा नाही! म्हाताऱ्यानं उलट्या फुलावर बोट ठेवलं.

"तू कवातरी मागशील म्हणून जपला. तू मागंनास. मला वाटलं, तू इसरला."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. किसनरावांचं तर विचारूच नका. ते म्हाताऱ्याच्या पायाशी बसून हसत होते आणि हसता हसता नाक पुसत होते.

"न्या," म्हातारा म्हणाला, "पर समद्यांचा बघून झाला की आणून दे. घेऊन तूच यायचं, दिवाळीची वाट बघायची नाय."

निघताना त्यानं वाटेसाठी भाकरी दिली. एसटी सिल्लोडच्या पुढं आली तेव्हा किसनरावांनी ती काढली. कागद आमच्याच दैनिकाचा होता. सवयीनं मीच म्हणालो, "तारीख बघा आधी!"

नळकांडं काखेत घट्ट धरून त्यांनी तो कागद तसाच मांडीवर पसरला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खावा पाटील," ते म्हणाले. "लई वर्सांनी भूक लागली."