शंभर प्रश्नांचं सुरक्षा धोरण

“आधी पाठ करा, समजणं मागून येतंय.” लातूरच्या क्लासमधल्या श्रीमंत सरांचं हे वाक्य विनीताबाईंच्या कानात पंचवीस वर्षं होतं. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या ज्या रंगाच्या कंपनीत त्या नोकरीला होत्या, तिथं नॅनो भुकटी आली. कण इतके बारीक, की रुमालातून सरळ छातीत. साहेबांनी सुरक्षा धोरण लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी शंभर प्रश्न काढले. प्रत्येकाला चार पर्याय.

पण साहेबांनी तेच आरतीलाही सांगितलं होतं. नांदेडहून आलेली, सहा महिन्यांची नोकरी. ज्याचं धोरण चालेल, त्याला सुरक्षा अधिकाऱ्याची जागा. आणि विनीताबाई त्या जागेची अठरा वर्षं वाट बघत होत्या. आरतीनं एकाच कागदावर चार चित्रं काढून भिंतीला डकवली. पंखा बंद, मास्क, ओलं फडकं, बंद पिशवी.

“बालवाडी काढलीस का गं? छान हाय,” विनीताबाई गोड आवाजात म्हणाल्या. शुक्रवारचा उपास होता, वाईट बोलायचं नव्हतं. मनातलं देवी धरत नसावी, असं त्यांनी मानून घेतलं.

महिन्याभरात तेवीस कामगारांनी शंभर प्रश्न पाठ केले. शिवप्पाला तर शंभरपैकी शंभर. साहेब पाहणीला आले आणि नेमकी त्यांच्यासमोर भुकटीची गोणी फाटली.

“सांगा, भुकटी सांडल्यास काय कराल?” विनीताबाईंनी घाईनं विचारलं.

“ब,” तेवीस जण एका सुरात म्हणाले आणि उभेच राहिले. वर पंखा गरागरा फिरत होता.

“ब म्हंजे काय?” साहेब नाक दाबून म्हणाले.

“पर्याय वाचा की साहेब, मग सांगतो,” शिवप्पा म्हणाला.

झाडलोटीच्या सिंधूची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. तिनं भिंतीकडं बघितलं, पंखा बंद केला, मास्क चढवला आणि ओलं फडकं टाकलं.

जागा आरतीला मिळाली.

“ताई, चित्रं माझी, पण त्यातलं सगळं तुमच्या प्रश्नांतूनच उचललं,” ती म्हणाली. “मला कुठं काय ठाऊक होतं?” विनीताबाईंना आता धड जळताही येईना, याचंच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी शिवप्पा दारात घुटमळला. “बाई, मला वाचता येत न्हाई. पुढच्याचं बघून खुणा केल्या. दुपारपाळीला गोदामात मी एकलाच असतो. गोणी फाटली तर?”

“उद्या येते. करून दाखवते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बादली भरली, दोन मास्क घेतले, सांडून दाखवायला घरून आणलेली पिठाची पिशवी काखेत मारली आणि कुणाला न सांगता गोदामाकडं निघाल्या.