मथुराबाईंचं वाचनालय आणि तात्यांची चिठ्ठी

एका जंगलात एक सार्वजनिक वाचनालय होतं. मुलांनो, हसू नका. जंगलात वाचनालय असतं. तिथे कोणी जात नाही, म्हणून तुम्हाला ते माहीत नसतं.

हे वाचनालय एका अंजनाच्या झाडाखाली होतं. वाघमहाराजांनी ते सुरू केलं होतं. महाराजांना वाचायची आवड नव्हती, पण फीत कापायची फार होती.

वाचनालयात पुस्तकं होती. चार संगणक होते. इंटरनेट होतं. वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतला वाघ भाषण करतो ते तुम्हाला चालतं, मग विजेनंच काय घोडं मारलंय?

एकदा नाव नोंदवलं की आपल्या बिळात बसून मोबाइलवर हवं ते पुस्तक वाचता येई. वाचायचा कंटाळा असेल तर ऐकता येई. सरकारी अर्ज भरून मिळत. बुधवारी म्हाताऱ्या जनावरांसाठी मोबाइल शिकवायचा वर्ग असे. गुरुवारी पिंगळा येऊन डोळे तपासून जाई. आणि हे सगळं फुकट होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं.

वाचनालय सांभाळायला मथुराबाई होत्या. जातीच्या साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव अगदी मऊ. कोणी येताना दिसलं की त्यांना इतका आनंद व्हायचा, की त्या उठून उभ्या राहायच्या. त्यांच्याबरोबर त्यांचे काटेही उभे राहायचे. मग येणारा आल्या पावली परत जायचा.

पण काट्यांचं नुसतं निमित्त. खरी गोष्ट अशी, की त्या जंगलात ओळखीशिवाय काही होतं यावर कोणाचा विश्वासच नव्हता. पाणवठ्यावर पाणी प्यायचं तर मगरीच्या मेहुण्याची ओळख लागे. वडाच्या सावलीत बसायचं तर वानरांच्या पुढाऱ्याची लागे. आपल्या ओळखीचं कोणी नसेल तर पाऊस आपल्या बिळापुढे पडेल की नाही, याचीही जनावरांना शंका वाटे.

एकदा गोदाक्का नावाचं म्हातारं भेकर लंगडत लंगडत वाचनालयात आलं. महाराजांनी नवीन हुकूम काढला होता. प्रत्येकानं आपला पाणवठा संगणकावर नोंदवायचा. नोंद नसेल त्यानं टेकडीपलीकडे जाऊन पाणी प्यायचं. गोदाक्कांचे गुडघे गेले होते. त्यांना टेकडी चढवणार नव्हती.

"बाई, हितं अर्ज भरून मिळतो म्हनं?"

"मिळतो की! बसा. नाव सांगा."

गोदाक्का बसल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुनाला भेटायचं?"

"मलाच."

"तसं न्हवं. तुमच्या वरचं कोन?"

मथुराबाईंनी वर पाहिलं. "कोणी नाही. झाड आहे."

"आन् किती दिस लागत्याल?"

"दहा मिनिटं."

गोदाक्का दोन पावलं मागे सरल्या. "द्यायचं काय?"

"काही नाही हो. फुकट आहे."

"बाई," गोदाक्का म्हणाल्या, "माजं येकच नाव हाय. त्ये असं धा मिन्टांत फुकाट लिवलं, आन् उद्या कुनी तसंच फुकाट पुसलं, तर म्या काय करू?"

आणि त्या निघून गेल्या.

त्याच दुपारी गवासाहेब आले. ते महाराजांचे तपासनीस. त्यांनी रिकामे बाक पाहिले, कोरी नोंदवही पाहिली आणि एका खुर्चीवर बसून ती मोडली.

"मथुराबाई, पौर्णिमेपर्यंत शंभर वाचक दाखवा. नाहीतर वाचनालय बंद. महाराजांना इथे सेल्फी पॉइंट हवाय."

मथुराबाईंनी मोडकी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. त्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक त्यांनी स्वतः पुसून ठेवलं होतं. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या बिळोबिळी हिंडल्या. "या हो वाचनालयात! सगळं फुकट आहे!" असं सांगत फिरल्या. जनावरं त्यांना पाणी देत आणि विचारत, "निवडणूक कधी आहे?"

आता कोल्हा येतो. कधी येतोय याची वाटच बघत होतात ना?

त्याला सगळे तात्या म्हणत. वाचनालयासमोरच्या करवंदीच्या जाळीत तो दिवसभर पडून असे. तिथे पडल्या पडल्या त्यानं सगळं ऐकलं होतं. एका सकाळी तो जाळीतून बाहेर आला, अंग झटकलं आणि समोरच्या दगडावर जाऊन बसला. बाकी काही केलं नाही.

गोदाक्का पुन्हा तिकडून चालल्या होत्या. आत जावं की न जावं, असं त्यांचं चाललं होतं.

"काय गोदाक्का, अर्ज का?" तात्या म्हणाला. "साळिंदरबाई फार कडक हो. काटे बघितलेत ना? पण माझा शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत."

गोदाक्कांच्या जिवात जीव आला. "मंग द्या की तात्या येक चिठ्ठी!"

"आज नाही. परवा या. परवा मी नसेन, तेव्हा तेरवाच या."

गोदाक्का परवा आल्या. तात्या नव्हता. त्यांना फार बरं वाटलं. काम योग्य मार्गाला लागल्याची ती खूण होती.

तेरवा चिठ्ठी मिळाली. "सदर भेकर आमच्या जवळचे आहे. काम व्हावे."

"तुमास्नी काय द्यायचं, तात्या?"

"छे छे, ही समाजसेवा आहे! आता कोणी येताना चार खेकडे आणलेच, तर मी काही ते फेकून देत नाही."

गोदाक्का चिठ्ठी घेऊन ताठ मानेनं वाचनालयात शिरल्या. मथुराबाईंनी चिठ्ठी वाचली. दहा मिनिटांत अर्ज भरला.

"गोदाक्का, अहो चिठ्ठी कशाला आणलीत? मी त्या दिवशीच करून देत होते."

गोदाक्कांनी डोळा मिचकावला. "कळलं बाई, कळलं. भित्तीला बी कान असत्यात."

संध्याकाळपर्यंत बातमी जंगलभर झाली. तात्यांची चिठ्ठी दाखवली की साळिंदरबाई दहा मिनिटांत काम करतात!

मग काय विचारता! तात्याच्या दगडापुढे रांग लागली. अर्ज भरून झाला की जनावरं आत रेंगाळू लागली. रानडुकरं कानाला यंत्र लावून कादंबऱ्या ऐकू लागली. बुधवारच्या वर्गात बसायला जागा मिळेना. घोरपडीनं एक प्रवासवर्णन उघडलं आणि दोन दिवस ती जागची हलली नाही. पण ती एरवीही हलत नाही. त्यामुळे पुस्तक आवडलं की काय, ते नीट कळलं नाही.

मथुराबाईंना आनंद झाला, आणि रागही आला. त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लिहून दारावर लावली, "चिठ्ठीची गरज नाही."

जनावरांनी पाटी वाचली आणि एकच पळापळ झाली. चिठ्ठ्या बंद होणार म्हणे! आत्ताच काढून ठेवा! ज्यांना काही काम नव्हतं त्यांनीही दोन-दोन चिठ्ठ्या काढून ठेवल्या. तात्याला दुपारची झोप मिळेनाशी झाली.

पौर्णिमेच्या सकाळी गवासाहेब आले. आत शिरायला जागा नव्हती. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तुम्ही सगळे इथे कोणामुळे आलात?"

"तात्यांमुळे!" अख्खं वाचनालय म्हणालं.

गवासाहेबांनी तिथल्या तिथे तात्याला हार घातला आणि वाचनालयाचा मानद अध्यक्ष नेमलं. वाचनालय वाचलं. मथुराबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात गवासाहेब त्यांच्याकडे वळले. "बाई, तुमची नेमणूक कोणाच्या ओळखीनं झाली?"

"परीक्षा देऊन झाली, साहेब. पहिली आले होते मी."

गवासाहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"अरेरे! म्हणजे तुमचं कोणीच नाही?"

"नाही."

"बाई, पूर्वी इथे कोणी येत नव्हतं, तेव्हा चालून गेलं. आता एवढी वर्दळ आहे. अशा जागेवर बिनओळखीचं जनावर कसं ठेवायचं? उद्यापर्यंत कोणाची तरी शिफारस आणा. नाहीतर दुसरं कोणी बघतो."

ते गेल्यावर मथुराबाई संगणकामागे जाऊन रडल्या. तात्याच्या दारात जाणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. नोकरी गेली तरी बेहत्तर. मुलांनो, त्या क्षणी त्या फार थोर दिसत होत्या, पण बघायला फक्त गोदाक्का होत्या.

"बाई, रडू नगा," गोदाक्का म्हणाल्या. "माजी हाय आता ओळख."

मथुराबाई नको नको म्हणेपर्यंत त्या लंगडत निघूनही गेल्या. दिवस मावळायच्या आत परत आल्या. त्यांच्या तोंडात चिठ्ठी होती. "सदर साळिंदर आमच्या जवळचे आहे. बसू द्यावे."

ती चिठ्ठी फाडावी असं मथुराबाईंना फार वाटलं. पण कोपऱ्यात घोरपडीनं नुकतंच पान उलटलं होतं. रानडुकरांच्या कादंबरीतली नायिका मरायला टेकली होती आणि ती डुकरं हमसून रडत होती. उद्या बुधवार होता. मथुराबाईंनी चिठ्ठी घेतली आणि मान खाली घालून विचारलं, "गोदाक्का, किती खेकडे द्यावे लागले?"

गोदाक्कांनी आजूबाजूला पाहिलं. मग काटे टोचू न देता बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"फुकाट दिली वो त्यानं. पर कुनाला सांगू नगा. फुकाट म्हनलं की मानसंच काय, जनावरं बी इस्वास ठेवीत न्हाईत."

तात्पर्य : ज्ञानाचं दार सर्वांसाठी उघडं असावं, मात्र त्याच्यासमोर एक कोल्हा बसवायला विसरू नये, नाहीतर ते उघडं आहे हे कोणाला पटत नाही. आणि मुलांनो, परीक्षेत पहिला नंबर आलाच, तर घरी अवश्य सांगा. बाहेर सांगू नका. लोकांना वाटतं, बिचाऱ्याचं कोणी नाही.