गोपाळ मेस्तांची पायरी

आमच्या गोपाळ मेस्तांच्या जीपमध्ये चढण्याआधी गुडघ्याचे माप द्यावे लागे. आचऱ्याहून सकाळी कणकवलीला जाणारी जीप त्यांची. मला वेळेवर कचेरी गाठायची असे, आणि हे गृहस्थ हातात सुतळी घेऊन रस्त्यावर उकिडवे बसलेले. "सायबा, पाय बघूया," म्हणत माझ्या इस्त्रीच्या पँटवरून टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि तिला एक गाठ मारायची. मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनाही सूट नव्हती. फक्त त्यांच्यापाशी सुतळी नेण्याचे धाडस नसल्यामुळे "तुझा तू माप काढ गो" म्हणून ती लांबूनच हातात दिली जाई.

मेस्त मूळचे होड्या बांधणारे सुतार. फायबरच्या होड्या आल्या, लाकडाला कोणी विचारीना, तेव्हा त्यांनी ही जुनी जीप घेतली. जीप कसली, चढायला माडीच ती! तरण्याताठ्यांचे कसेबसे निभावे, पण मेस्तांच्या बायकोचे, मंजुळाकाकींचे, गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षे त्या जीपजवळ फिरकल्या नव्हत्या. आता नांदगावला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आलेले, आणि बारशाला आजी नाही म्हणजे काय? काकींनी मात्र साफ सांगितले, "माका चढूक जमाचा नाय. तुमीच जावन येवा."

त्या दिवसापासून मेस्तांनी पायरीचा ध्यास घेतला. काकी काही माप देईनात, म्हणून ते आमच्या गुडघ्यांच्या मागे लागले.

पहिली पायरी म्हणजे माडाचा ओंडका. थांबा आला की तो खाली ठेवायचा, माणसे चढली की वर घ्यायचा. मागच्या दाराशी मी बसत असल्यामुळे ही चाकरी माझ्याकडे आली. मी पदवीधर माणूस, सरकारी नोकर, आणि रोज सात ठिकाणी ओंडका उतरवतोय! एकदा मी तो विसरलो. दोन गावे पुढे गेल्यावर मेस्तांच्या लक्षात आले, "ओंडको खंय आसा?" गच्च भरलेली जीप त्या ओंडक्यासाठी मागे वळली. कचेरीत साहेबांनी त्या दिवशी मला काय काय ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दुसरी पायरी लोखंडी, मागे जोडून घेतलेली. हिचे माप त्यांनी पुळणीवर घेतले. जन्मभर होड्या पुळणीवर बांधलेल्या, तेव्हा माप घ्यायचे ते वाळूतच, अशी त्यांची श्रद्धा. जीपची चाके वाळूत वीतभर रुतली होती हे काही त्यांच्या ध्यानात आले नाही. जीप डांबरी रस्त्यावर उभी राहिली आणि पायरी वीतभर वर गेली. मासळीवाली तानूबाय एक पाय उचलून तशीच थांबली. "ओ मेस्तानू, मी काय पोफळ चढतंय?"

मेस्त खजील झाले असतील असे वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखत नाही. आठ दिवसांत फणसाच्या लाकडाची तिसरी पायरी हजर! दोन टप्प्यांची, घडी घालून वर घेता येणारी, धरायला शेजारी जाड दोर. आणि ती तपासायला अर्थातच मी.

"गुडघो दुखता असो समज आणि चढ."

भर नाक्यावर मी चढलो.

"असो नाय! कण्ह मरे जरा!"

मी कण्हत चढलो. हॉटेलातली गिऱ्हाइके भजी हातात धरून बाहेर आली. दहाव्या खेपेला माझे डोके फिरले. "मेस्त, पुरे झाले! काकींना आम्ही चौघे धरून वर बसवू. दोन मिनिटांचे काम!"

मेस्त पायरीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मागे जत्रेक तशीच बसवलेली. चौघांनी उचलल्यानी, पोता चढवतत तशी. सगळे हसले." पायरीची घडी घालत म्हणाले, "मी पण हसलंय."

त्या चौघांत मी होतो. काकींचा डावा दंड मी धरला होता, आणि वर मोठे उपकार केल्याच्या थाटात हसलोही होतो. आज ते आठवून मला माझीच शरम वाटली.

बारशाच्या दिवशी सकाळी जीप मेस्तांच्या दारात उभी राहिली. काकी नवे लुगडे नेसून बाहेर आल्या आणि आम्हाला बघून उंबऱ्याशीच थबकल्या. मेस्तांनी आम्हा सगळ्यांना, पाट्यांसकट, खाली उतरवले.

"सगळ्यांनी तोंडा दर्याकडे करा. कोण मागे बघीत, तो कणकवलेक चलत जायत."

आम्ही आठ-दहा जण समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. मेस्तही. मागे लाकूड करकरले. मग काहीच ऐकू येईना. मी हळूच मेस्तांकडे पाहिले. डोळे समोर, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा हळूहळू वर उचलला जात होता. लाकूड पुन्हा करकरले.

"बसलंय मी," जीपमधून काकींचा आवाज आला. "दर्याकडे बगीत काय ऱ्हवलास? चला!"

मेस्त वळले नाहीत. "वाईच थांब गो," म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसू लागले. आम्हीही मग समुद्राकडेच बघत राहिलो.