एक्स्चेंजबाईंची तिसरी परीक्षा

दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलायचा, हा एक्स्चेंजबाईंचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्या कानाला हेडफोन लावून बसत आणि अख्ख्या इमारतीचे फोन जोडून देत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिसरी घंटी कशी असते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, आणि गाडी चालवायच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या त्या नेमक्या ह्याच गुणामुळे.

पहिल्या खेपेला पर्समधला फोन वाजला. बाईंचा हात स्टिअरिंगवरून उठला आणि गाडीने मैदानातलं रिकामं पिंप आडवं केलं. दुसऱ्या खेपेला शहाणपण करून फोन घरीच ठेवला, तर वळणावरच्या औषधांच्या दुकानात दुकानदाराचा फोन खणखणला. बाईंचा उजवा हात आपसूक कानाशी गेला आणि तोंडातून निघालं, "नमस्कार, कोणाशी जोडू?" शेजारी बसलेल्या परीक्षकांनी कागदावर फुली मारली. हे परीक्षक म्हणजे बर्फसाहेब. 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांबा' आणि 'नापास' ह्या चार शब्दांपलीकडे त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं.

आता ही तिसरी खेप, आणि शेवटची. हॉस्पिटलची नवी इमारत शहराबाहेर टेकडीमागे उभी राहिली होती. तिथल्या एक्स्चेंजची प्रमुख म्हणून बाईंची बढती झाली होती. वर खिडकी असलेली खोली. पण तिकडे बस जात नव्हती. गाडी हॉस्पिटल देणार, ती चालवायची मात्र स्वतः, आणि परवाना महिनाअखेरपर्यंत दाखवायचा. महिनाअखेर उद्यावर आली होती. उद्या हात हलवत गेल्या तर ती खुर्ची दुसऱ्याची आणि बाई पुन्हा जिन्याखाली.

"फोन बंद करा आणि माझ्याकडे द्या," ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले.

"बंद नको हो. अठ्ठावीस वर्षांत बंद केलेला नाही. फक्त मुका करते."

"मग डिकीत टाका. म्हणजे हातही पोचायचा नाही आणि आवाजही यायचा नाही."

फोन पर्समध्ये, पर्स डिकीत, डिकीला कुलूप. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मास्तर समाधानाने शेडखालच्या बाकावर जाऊन बसले. एक गोष्ट मात्र दोघंही साफ विसरले. आठवड्यापूर्वीच मास्तरांनी गाडीत हँड्सफ्री बसवून घेतलं होतं आणि काल सरावाच्या वेळी हौसेने बाईंचाच फोन त्याला जोडून दाखवला होता. "बघा, दुसऱ्या घंटीला आपोआप उचलतं," ते म्हणाले होते. "अगदी तुमच्यासारखं!" त्या यंत्राला फोन डिकीत आहे की मांडीवर, ह्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

बर्फसाहेब शेजारी बसले, पट्टा लावला, कागद मांडीवर घेतला. "डावीकडे," ते म्हणाले.

गाडी मैदानातून रस्त्याला लागली. आरसा, दिवा, वळण, सगळं जिथल्या तिथे. बाईंना हायसं वाटणार, तेवढ्यात डॅशबोर्डमधून घंटी वाजली. दुसरी वाजली. आणि गाडीने फोन उचलला.

"वहिनी!" बाईंच्या नणंदेचा आवाज चारही दारांतून घुमला. "अगं, दादा म्हणाला तू आज परत परीक्षेला गेलीस. झाली का? की मागच्यासारखंच?"

बाईंच्या जिभेच्या टोकावर 'नमस्कार' आलं. त्यांनी ते दातांखाली धरलं. त्या यंत्राच्या पडद्यावरचं फोन तोडायचं लाल बटण स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर होतं, पण गाडी चालवताना हात उचलला, तोंड उघडलं की फुली, हे त्यांना दोनदा शिकवून झालं होतं. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून साहेबांकडे पाहिलं. साहेब समोर बघत होते. परीक्षार्थीच्या गाडीतल्या कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. गाडी थांबवावी, तर रस्त्याच्या कडेला 'थांबण्यास मनाई'च्या पाट्या ओळीने उभ्या.

"वहिनी? ऐकतेस ना? फोन उचललास आणि बोलत का नाहीस?" नणंदेचा सूर बदलला. "असं कधी झालं नाही गं. आणि हे टिकटिक टिकटिक काय वाजतंय?"

टिकटिक पुढच्या वळणासाठी लावलेल्या दिव्याची होती. पण नणंदेने ती टीव्हीवर शंभरदा ऐकली होती, रुग्णाच्या उशाशी.

"अगं बाई! हे तर हॉस्पिटलचं मशीन! थांब, दादाला घेते लाइनवर." खुडबुड झाली आणि तिसरा आवाज गाडीत शिरला. हे बाईंचे यजमान.

"काय गं, काय झालं?"

"दादा, वहिनीला काहीतरी झालंय! फोन चालू आहे, पण ती बोलत नाहीये. ऐक, मशीन ऐक!"

"ती बोलत नाहीये?" यजमानांनी विचारलं. "मग काहीतरी गंभीरच आहे."

साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं. पण परीक्षा ती परीक्षा. समोर चढाचा रस्ता आला होता. तिथे गाडी थांबवून, इंजिन बंद करून, मागे न घसरू देता पुन्हा उचलायची, हा सगळ्यात अवघड भाग. बर्फसाहेबांच्या चार शब्दांत तो बसण्यासारखा नव्हता.

"इथे बंद करा," साहेब म्हणाले.

"बंद केलं?" नणंद किंचाळली. "दादा, डॉक्टर म्हणतायत बंद करा!"

"अहो डॉक्टर! बंद करू नका! मी येतोय!" यजमानांच्या आवाजामागे वाऱ्याचा सूंसूं आवाज येत होता.

"आता पुन्हा चालू करा. घाई नको."

"पुन्हा चालू होतंय का बघतायत गं!"

बाईंनी इंजिन चालू केलं. क्लचवरचा पाय हळूच, केसाइतका वर आला. गाडीने एकदा हुंकार दिला.

"सोडा," साहेब म्हणाले. "हळूहळू सोडा."

"श्वास सोडायला सांगतायत!" नणंदेने हुंदका दिला. "सोड वहिनी, सोड!"

बाईंनी हँडब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता चढ चढू लागली.

"गेली," साहेब पुटपुटले. त्यात थोडं कौतुकही होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण पलीकडे एकच कल्लोळ उठला.

"गेली?" यजमानांचा आवाज फाटला. "अशी कशी जाईल? अगं, ऐकतेयस का? चूक माझी आहे. तुझी बढती नको म्हणून तुझ्या नावाने अर्ज लिहिला मी, कपाटात ठेवलाय. तू पास झालीस तर उद्या देणार होतो. मला वाटलं, तू टेकडीपलीकडे गेलीस तर घरी मी एकटा काय करू? फाडतो गं तो अर्ज! तू फक्त ऊठ! ऊठ आणि पन्नास वेळा पास हो!"

बाईंचे कान तापले होते. त्यांच्या नावाने अर्ज! अठ्ठावीस वर्षं त्यांनी जगाचे फोन जोडले होते, आणि आज जोडलेला फोन नुसता हो म्हटलं की बोलता येईल असा समोर होता. घशात शब्दांची रांग लागली होती, त्यांतला एकही सभ्य नव्हता. त्यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. चढ संपला. उतार आला. बाईंनी गिअर बदलला, वाटेत आलेल्या सायकलवाल्याला नीट जागा दिली, शाळेपाशी वेग कमी केला.

आणि मग मनाईच्या पाट्या संपल्या.

बाईंनी आरशात पाहिलं. दिवा दिला. गाडी कडेला घेतली, थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग साहेबांकडे वळून विचारलं, "साहेब, गाडी थांबली आहे. आता बोलले तर चालेल?"

"बोला," साहेब म्हणाले.

बाईंनी घसा साफ केला. आवाज असा लागला, की जिन्याखालची खोली असती तर हॉस्पिटलभर सगळे ताठ उभे राहिले असते.

"नमस्कार. चालक सध्या गाडी चालवत आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे. कृपया वीस मिनिटांनी संपर्क साधावा. नणंदबाईंनी पाणी प्यावं. कपाटातला अर्ज ज्यांनी लिहिला, त्यांनीच तो फाडावा, आणि तुकडे मला मोजून दाखवावेत. धन्यवाद."

लाल बटण दाबलं. मग सगळं पुन्हा सुरू करून, आरसा पाहून, गाडी रस्त्यावर घेतली. साहेब खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मांडीवरचा कागद गदागदा हलत होता.

मैदानात गाडी थांबली तेव्हा मास्तर धावत आले. साहेबांनी सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला. त्यावर एकही फुली नव्हती. "दहा वर्षांत फोनच्या बाबतीत इतका संयम पाहिला नाही," ते म्हणाले. साहेबांचं असं सबंध वाक्य मास्तरांना इतकं नवं होतं, की ते साहेबांकडे बघतच राहिले. बाईंनी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. त्यांना एकदम टेकडीपलीकडची खिडकी दिसली आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात फाटकाशी शिट्टी वाजली.

एक स्कूटर भरधाव येऊन थांबली होती. वर बाईंचे यजमान. हेल्मेट तिरकं, त्यात कानाशी कोंबलेला फोन आणि तोंडाने अखंड "हॅलो! हॅलो! अगं, कट का केलास?" वाहतूक हवालदार त्यांच्या पुढ्यात आडवा उभा.

"काका, कोणाशी बोलताय?"

"बायकोशी! ती गाडी चालवतेय म्हणून माझ्याशी बोलत नाहीये!"

"बरोबर आहे तिचं," हवालदार म्हणाला. "आणि तुम्ही काय चालवताय?"

यजमानांनी खाली पाहिलं. स्कूटर होती. नाकारण्याची सोय नव्हती. हवालदाराने त्यांचा परवाना महिनाभरासाठी काढून घेतला आणि सोमवारी नियमांच्या वर्गाला हजर राहायची चिठ्ठी दिली. स्कूटर फाटकातच राहिली.

परतीच्या वाटेवर मास्तर पुढे बसले, यजमान मागे. गाडी बाई चालवत होत्या.

"मी फार घाबरलो होतो गं," मागून हळू आवाज आला.

"कळलं मला. सगळं ऐकू येत होतं."

"साहेबांनाही?"

"साहेबांनाही."

यजमान सीटमध्ये थोडे आणखी खाली सरकले. "मग? काही म्हणाले का?"

"म्हणाले ना," बाईंनी आरशात पाहिलं, पण मागची वाहतूक बघायला. "म्हणाले, बाई, माणूस प्रेमळ आहे. जपा त्याला. फक्त गाडी चालवू देऊ नका."