बनाबाईचं गाणं कुणाचं

आबा शिरोळहून, लेकीकडून परत आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आत बायकोनं, तानूबाईंनी, बातमी दिली.

"काल विहारात जोतीरामनं गाणं म्हटलं. जात्यावरचं. तुमच्या आईचं."

आबांनी पिशवी आपटली. त्यातले पेरू चुलीपर्यंत घरंगळत गेले.

कोडोलीच्या त्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने दर रविवारी, वंदना झाली की एकानं उठून आपल्या आवडीची कविता म्हणायची, अशी रीत होती. त्यानं मन धुऊन निघतं म्हणत. आबांचं किती निघायचं ते त्यांनाच ठाऊक. पण नऊ वर्षं ते एकच कविता म्हणत, आई बनाबाईनं दळताना रचलेलं गाणं. तिला लिहिता येत नव्हतं. वर्षातून एकदा चारचौघांत तिचं नाव निघायचं, ते तेवढंच. आणि येत्या रविवारी आबांचा नंबर होता.

आबा तडक प्रसेनजीतकडे गेले. हा शाळामास्तर, कवितांची वही त्याच्याकडे असायची.

"जोतीरामचं नाव खोड."

"खोडता येत न्हाय, आबा. एका वर्षावासात एक कविता एकदाच. नियम हाय."

"कुठल्या शहाण्यानं केला?"

प्रसेनजीतनं वहीचं मागचं पान काढलं. दोन वर्षांमागं विहारातल्या शालूबाईंनी दुसऱ्यांचे नंबर घेऊन लागोपाठ तीन रविवार एकच कविता म्हटली, तेव्हा आबांनीच आरडाओरडा करून हा नियम लिहून घेतला होता. खाली सही आबांची, साल १९९९.

मग आबांनी मोर्चा जोतीरामकडे वळवला. लहानपणापासूनचा शेजारी. कट्ट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"माझ्या आईचं गाणं तू का म्हटलंस?"

"पयल्यांदाच माझा नंबर हुता. मला दुसरं येतंय काय? काकू दळाय बसली की मीबी जात्यापाशीच असायचो की."

"लाज न्हाय वाटली?"

"वाटली. म्हणून डोळं मिटून म्हटलं."

आबा आणखीच भडकले. घरी येऊन त्यांनी नात अक्षताचं शाळेचं पुस्तक उलटंपालटं केलं. त्यात पाऊस होता, झाड होतं, चिमणी होती.

"चिमणीचा आन् माझा काय संबंध?"

"मग जाऊच नका," तानूबाई म्हणाल्या.

"जातो की. न्हाय गेलो तर तो म्हणंल, आबा भ्याला."

रविवारी वंदना झाली. आबा उभे राहिले. हातात कागद नव्हता, कानशिलं तापली होती.

"माझ्याकडं कविता न्हाय. चोरीला गेली. चोर म्होरंच बसलाय. माझी आई भाकरी करायची. आर्धी मला, आर्धी ह्याला. मी म्हणायचो, ह्याला का? तर म्हणायची, त्याची आई अजून रानातनं आली न्हाय. शाळंला पाटी एकच. आई म्हणाली, एक बाजू तुझी, एक बाजू त्याची. जल्मभर ह्यानं माझं आर्धं खाल्लं. गाणं तेवढं पुरं माझं हुतं, तेबी नेलं. आता आई, तूच सांग, माझं पुरं काय ऱ्हायलं?"

आबा धपकन खाली बसले. शालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. प्रसेनजीत भराभरा वहीत लिहीत होता.

"काय लिवतोस?"

"कविता. ही वहीत नव्हती, आबा."

"कविता न्हाय ती. तक्रार हाय."

"झाली की नोंद."

तेवढ्यात जोतीराम नाक पुसत उठला. "मास्तर, म्होरल्या वर्षी पयला रविवार मला. मी हीच म्हणणार. माझ्यावरची हाय, माझा हक्क हाय."

आबा ताडकन उठले. "खबरदार. ती माझी हाय."

"मग काकूचं गाणं तू म्हण. दोन्ही तुलाच कशाला?"

प्रसेनजीतनं पुढच्या वर्षासाठी गाण्यापुढं आबांचं आणि तक्रारीपुढं जोतीरामचं नाव लिहून टाकलं. आबा घरापर्यंत धुमसत चालले. दारात चप्पल भिरकावून ते तानूबाईंना म्हणाले, "बघितलंस? परत आर्धंच."