शेवटचा हात कुणाचा?

सिनेमा बघताना तोंड उघडायचं नाही, असं जावईबापूंनी त्या संध्याकाळी ठरवलं होतं. हा निश्चय बरोबर सतरा मिनिटं टिकला.

निश्चयाला कारण होतं. सासूबाईंबरोबर चार दिवस राहायला आलेले त्यांचे सासरे, नाना, सिनेमागृहात मशीन चालवून निवृत्त झालेले. हाच रहस्यपट त्यांनी अकरा आठवडे दाखवला होता, पण शेवट कधी पाहिला नव्हता. शेवटचं रीळ लागलं की पुढच्या खेळासाठी आधीची रिळं गुंडाळायला बसावं लागे. भिंतीपलीकडून प्रेक्षकांचा मोठ्ठा "आं!" तेवढा कानावर यायचा. खुनी कोण ते मला सांगायचं नाही, एकदा खुर्चीत बसून बघणार, असं त्यांनी बरोबरच्यांना बजावून ठेवलं होतं. ती खुर्ची आज जावयाच्या घरी, टीव्हीसमोर मिळाली होती.

"माळी," अठराव्या मिनिटाला जावईबापू म्हणाले.

"काय माळी?" बायकोनं डोळे वटारले.

"खुनी! अगं, सिनेमातला धक्का आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली चूक, दोन्ही सारखंच. सगळे भलतीकडे बघत असतात. आपण एवढंच विचारायचं, शेवटचा हात कुणाचा? तोच गुन्हेगार. पंधरा वर्षं ऑफिसात मी हेच करतोय." (ऑफिसातलं कुणी त्यांच्याबरोबर चहाला का येत नाही, हे कोडं मात्र त्यांना अजून सुटलेलं नव्हतं.)

"जरा हळू हो," नानांनी विनवलं.

शेवटी पडद्यावरच्या इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, बोट वर केलं, "खुनी याच खोलीत आहे," म्हणाला, आणि टीव्ही बंद पडला. घड्याळात आठ वाजले होते.

नानांनी कपाळाला हात लावला. जावईबापूंना मात्र स्फुरण चढलं.

"कुणी जागेवरून हलायचं नाही! दुपारी टीव्हीमागची धूळ कुणी पुसली?"

"मी," नाना म्हणाले. "पण वायरीला हात लावला नाही हो."

"सगळे असंच म्हणतात, नाना. धक्का लागला असेल. वयानं हात थरथरतात, त्यात लाजायचं काय?"

नानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत त्या हातांनी एकही खेळ बंद पडू दिला नव्हता. "चुकलं असेल माझंच," असं पुटपुटत ते उठून आतल्या खोलीत गेले.

"बाबा," जावईबापूंची लेक म्हणाली, "आज एक तारीख आहे. गेल्या वर्षी माझ्या परीक्षेच्या महिन्यात रोज आठला टीव्ही बंद करणारा प्रोग्रॅम तूच केला होतास ना?"

जावईबापूंनी लॅपटॉप उघडला. महिना लिहिला होता, वेळ लिहिली होती, वर्ष लिहायचं राहून गेलं होतं. वर त्यांचीच टीप होती, 'परीक्षा संपताच काढून टाकणे', आणि पुढे त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतल्या खोलीच्या दारात ते उंबऱ्यावर पाय घासत उभे राहिले. "नाना, शेवटचा हात माझा होता. तुम्हाला उगाच नाही नाही ते बोललो. मला फार लाज वाटतेय."

"असू द्या," नाना म्हणाले. "सिनेमा लागेल का तेवढं बघा."

नानांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. जावईबापूंनी खाली मान घालून घाईघाईनं दुरुस्ती केली. सिनेमा पुढे सुरू झाला.

खुनी निघाला तो तपास करणारा इन्स्पेक्टर. खोलीत मोठ्ठा "आं!" झाला. नानांचा सगळ्यात मोठा. मग एकेकानं मान वळवून जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापू सतरंजीची नक्षी बघत होते.

"बंद करा आता," सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी रिमोटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. उभं राहून दाबलं. त्यांच्या दुरुस्तीनंतर टीव्ही बंदच व्हायला तयार नव्हता.

नाना सावकाश उठले, भिंतीवरचं बटण त्यांनी बंद केलं आणि खुर्चीत परत येऊन बसले.

"जावईबापू, या वेळी शेवटचा हात माझा," ते म्हणाले. "नाव लिहून घ्या."